थेरडीची नोंद

शब्दकोशाच्या संपादकबाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि समोर बसलेल्या टिपणकाराकडे न बघताच म्हणाल्या,

"आजोबा, 'थ' संपला की तुम्ही मोकळे. उद्यापासून यायचं नाही."

टिपणकार चौऱ्याहत्तरचे. बावीस वर्षं कानावर पडतील ते शब्द चिठ्ठ्यांवर उतरवत आलेले. बाईंना त्यांचं सगळंच डोक्यात जायचं : चहाचा फुर्र आवाज, बाहीला पुसलेला चष्मा, एकेका शब्दावर तासभर ठाण मांडणं. बाई स्वतः एकसष्टच्या. पण केस काळेभोर, चाल ताठ, आणि हाताखालच्या माणसांबद्दलचं मत ठाम : एकजात बिनडोक.

"बरं," टिपणकार म्हणाले. उठले मात्र नाहीत.

बाई चिठ्ठ्या चाळू लागल्या. 'थेरडा' ठीक होता. 'थेरड्याला कशाला विचारायचं, त्याला काय कळतंय.' अशी वाक्यं हवी तितकी मिळतात. 'थेरडी'पाशी त्यांचं बोट थांबलं.

'थेरडी आली वाटतं, खुर्च्या नीट करा.'

"हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही. ऐकलेलं आहे."

"कुठे?"

"इथेच, बाहेरच्या खोलीत. मंगळवारी सकाळी, जिन्यात तुमची पावलं वाजली तेव्हा."

बाईंचा हात नकळत केसांकडे गेला, अर्ध्यातच खाली आला. दाराच्या काचेपलीकडे चौघं माना खाली घालून कामात होती.

"कोण म्हणालं?"

"बोलणाऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं नाही. नियम तुमचाच."

बाईंनी चिठ्ठी दोन बोटांत धरली. फाडतील असं वाटलं.

"मस्करीत म्हटलं असेल. मग तसा शेरा हवा."

"मस्करी असती तर कोणीतरी हसलं असतं," टिपणकार म्हणाले. "कोणी मानसुद्धा वर केली नाही. खुर्च्या तेवढ्या नीट केल्या."

"आणि तुम्ही?"

"मी लिहीत होतो."

बाईंनी पेन उघडलं. शेऱ्यात 'तुच्छतादर्शक' होतं, त्यापुढे 'सर्रास' एवढा एकच शब्द घातला आणि खाली सही केली. मग कपाटातून 'द'चा कोरा गठ्ठा काढला आणि टिपणकारांच्या बाजूला सरकवला.