अर्धा पेरू

“अर्धा पेरू,” डॉक्टर मंजुश्री म्हणाल्या. “जेवणानंतर खायचा. दोन तासांनी साखर बघायची आणि लिहून ठेवायची.”

अक्काताई खुर्चीच्या कडेला सरकली. “नको बाई. हाय हे बरं हाय.”

“भीती वाटते?”

“वाटतीया की.”

अठ्ठावन्न वर्षांच्या अक्काताईला दोन वर्षांपूर्वी साखर निघाली होती. तीन महिन्यांची सरासरी तेव्हा अकराच्या घरात होती. भात-भाकरी कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं, तर तिने ती बंदच केली. अंडी, ताक, मेथी-शेपूची भाजी आणि मूठभर शेंगदाणे यांवर ती राहिली. फळाला तर हातही लावला नाही. आता सरासरी सव्वासहावर आली होती, दोन गोळ्यांची एक झाली होती. पण ब्लाऊज खांद्यावरून ओघळत होते, आणि ते डॉक्टरांना पसंत नव्हतं.

वडगावात तिच्या घराला लागूनच चार यंत्रमागांचा कारखाना होता. तो मुलगा युवराज बघायचा. अक्काताई मात्र लग्न होऊन आली तेव्हापासून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होती.

गुरुवारी दुपारी जेवणाआधी सून रूपालीने तिच्या बोटाला सुई टोचली. एकशे आठ. जेवण झाल्यावर पेरूच्या चार फोडी ताटलीत पुढे आल्या. अक्काताईने एकेक फोड सावकाश चावली, बिया दातांत अडकल्या त्याही काढल्या नाहीत. मग दोन तास ती कांड्या भरत बसली आणि दर थोड्या वेळाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली.

“एकशे एकतीस!” रूपाली ओरडली. “आत्ती, बगा की! कायबी झालं न्हाय.”

अक्काताईने मशीन हातात घेतलं. आकडा विझेपर्यंत ती बघत राहिली.

“व्हय,” एवढंच म्हणून ती उठली. रात्री ती नीट जेवली नाही.

तिच्या नवऱ्याला, मष्णूला, पंधरा वर्षं साखर होती. आधी पायाचा अंगठा काढला, मग पाऊल. शेवटच्या उन्हाळ्यात खानापूरच्या पाहुण्यांनी आंबे आणले होते. खाटेवर बसल्या बसल्या मष्णूने एक फोड उचलली. अक्काताईने ती पाहुण्यांदेखत त्याच्या हातातून काढून घेतली होती.

“दुसरा पाय बी घालवायचा हाय व्हय?”

मष्णूने बोटं टॉवेलला पुसली. त्यानंतर त्याने खायला काही मागितलं नाही. पुढ्यात येईल ते खाल्लं. श्रावणात तो गेला.

महिन्याभराने अक्काताई आकड्यांचा कागद घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी कागद वाचला. “छान आहे. आता पपई, सफरचंदही घेऊन बघा. एका वेळी एकच, आणि रस काढून नको.”

अक्काताई उठली नाही.

“ह्येंनी आंब्याची एक फोड घेतलती,” ती म्हणाली. “मी खाऊ दिली न्हाय. दिली आसती तर?”

“त्यांची साखर किती असायची?”

“साडेतीनशे. कवा चारशे.”

“मग फळ मीसुद्धा थांबवलं असतं,” डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी कागद घडी करून तिच्या हातात दिला. “पण एका फोडीनं काही झालं नसतं, आक्का.”

अक्काताईने मान हलवली. बाहेर रिक्षावाल्याने विचारलं, पण ती चालतच घरी आली.

पुढच्या आठवड्यातली गोष्ट. कारखान्यात वीस वर्षं काम करणाऱ्या रवळूला नुकतीच साखर निघाली होती. त्याची बायको मंगल दुपारचा डबा घेऊन आली, तेव्हा वीज गेली होती आणि माग बंद होते. शेजारच्या कुणीतरी प्रसाद वाटला होता. रवळूच्या हातात केळ्याचा तुकडा होता.

“ठेव ते खाली!” मंगल कडाडली. “लहान हायस व्हय तू?” तिने हात पुढे केला. सगळा कारखाना बघत होता. रवळूने मान खाली घातली.

“मंगल,” कोपऱ्यातून अक्काताई म्हणाली, “त्येच्या हातातनं काढून घिऊ नको गं.”

“आक्का, तुमीच म्हनताय हे? तुमाला म्हाईत न्हाय व्हय काय होतंय ते?”

“म्हाईत हाय. म्या काढून घेतलतं.” अक्काताईने हातातली कांडी बाजूला ठेवली. “सगळं खाऊ दे म्हनत न्हाय मी. डाक्टरला इचारून ये, किती चालतंय ते. मग घरात काय सांगायचं ते सांग. चारचौघांत नको.”

मंगलने तो तुकडा घेऊन मोडला. मोठा भाग स्वतःच्या तोंडात टाकला आणि लहान नवऱ्याच्या हातावर ठेवला. रवळूने तो खाल्ला.

वीज आली. चारही माग एकदम सुरू झाले. अक्काताईच्या कांडीवरचा धागा तुटला होता. ती त्याचं टोक शोधत होती, पण ते काही तिला लवकर दिसेना.