तीन अधिक चार आय

पेणच्या कॉलेजात फळ्यावर ३ + ४i ही संमिश्र संख्या लिहून सर म्हणाले, "वास्तव भाग आडवा मोजा, काल्पनिक भाग उभा." पूजाने तीन घरं उजवीकडे आणि चार घरं वर जाऊन ठिपका दिला.

"शून्यापासून अंतर किती?"

"सात," ती बोलून गेली.

"दोन दिशांची अशी बेरीज होत नसते. तिरकं मोज. पाच."

पूजाने पट्टी तिरकी लावून मोजलं. पाचच.

बारा दिवसांपूर्वी तिचा बाप जगन धरमतरच्या खाडीत बार्जवरून पडून बुडाला. तेव्हापासून हरेशकाका येईल त्याला एकच सांगत होता, "मी जेट्टीच्या टोकाला होतो, तिथून पुढं नुसता चिखल. दादा काठाला धरून तीस मीटर पुढं, नि आत चाळीस. झाले सत्तर. दोरी साठचीच. ओहोटीच्या ओढीत दोरीशिवाय उडी कशी टाकू?" सगळे माना डोलवायचे. पूजासुद्धा.

ती गडब गावात घरी आली. प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून त्याच्या जागी जाळायला भटजी अंगणात दर्भाचा पुतळा बांधून घेत होते आणि काका त्याला नारळाचं डोकं बसवत होता. तिने आलेखाचा कागद त्याच्या पुढ्यात आपटला.

"या शून्यावर तू उभा होतास. या ठिपक्यावर बाबा. एक सेंटीमीटर म्हणजे दहा मीटर. मोज!"

काकाने पट्टी लावली. मग पुन्हा लावली. नारळ त्याच्या मांडीवरून घरंगळत तुळशीपाशी गेला.

"पन्नासच हाय," तो म्हणाला. "दहा मीटर दोरी उरली असती गो."