अकरा बाय नऊचा लाकडी ओटा

"टेप ढिला सोडू नका, ताणून धरा," भुजंगराव म्हणाले, आणि तीस वर्षं सुतारकी केलेल्या मडिवाळप्पाने शाळेतल्या पोरासारखं निमूटपणे टेपचं टोक ताणून धरलं. घराच्या मागच्या भिंतीपासून लिंबाच्या बुंध्यापर्यंत चौदा फूट. बुंध्याला तीन फूट मोकळे सोडले की उरले अकरा. रुंदी नऊ. भुजंगरावांनी कानावरची पेन्सिल काढून आकडे वहीत टिपले आणि पुन्हा एकदा मोजायला लावलं.

औसा तालुक्यात चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गाव अजून त्यांना मोजणीसाहेबच म्हणायचं. बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेले भाऊसुद्धा भुजंगरावांनी दगड रोवला की गप घरी जायचे. मोजणीच्या दिवशी ते कुणाच्या घरचा चहा घेत नसत. चहा प्यालं की मोजणीची साखळी वाकडी पडते, असं त्यांचं म्हणणं होतं.

"साहेब, खांबाखाली दगड लागतेत बघा," मडिवाळप्पा म्हणाला. "लाकूड मातीत रोवलं की वाळवीला निमंत्रणच. तुमच्याकडं हद्दीचे दगड पडलेच असतील की चार-सहा."

"हद्दीचा दगड हद्दीवर असतो. माझ्या घरी कशाला असंल?"

मडिवाळप्पा हसला. तो निलंग्याच्या पलीकडचा, बोलता बोलता मधेच कानडीत शिरणारा माणूस. पण साहेबांचा आवाज कुठे चढतो हे त्याला एव्हाना कळलं होतं. दगड तो स्वतःच आणणार म्हणाला.

हे सगळं चाललं होतं ते त्यांच्या बायकोसाठी, सिंधूबाईंसाठी. आठ महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला आणि डावं अंग निकामी झालं. तेव्हापासून चाकाची खुर्ची. उजव्या हाताने चाक ढकलत, उजव्या पायाने जमीन रेटत त्या घरभर फिरायला शिकल्या होत्या. पण त्यांचं खरं घर मागच्या दाराबाहेर होतं. लिंबाचं झाड, धुणं धुवायचा दगड आणि भिंतीपलीकडची केवळाबाई. तीस वर्षं रोज दुपारी या दोघींचं भिंतीवरून बोलणं व्हायचं. आता मागचं दार उघडलं की खाली अडीच फूट, तीन पायऱ्या.

दोनदा केवळाबाईच्या पोरांनी खुर्चीसकट त्यांना उचलून खाली नेलं होतं. दुसऱ्या वेळी पदर चाकात अडकला, एका पोराला हसू फुटलं. पोराच्या मनात काही नव्हतं, पण वर आल्यावर सिंधूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "मला आता कुणी उचलू नका," त्या म्हणाल्या. "पोतं हाय का मी? माझी मी जाईन तवा जाईन." त्यानंतर पाच महिने त्या मागे गेल्या नाहीत.

त्यांची मुलगी शिल्पा नांदेडला बँकेत होती. तिने फोनवर एक फोटो पाठवला. परदेशातलं घर, मागे दाराच्या पातळीला लाकडी फळ्यांचं अंगण, त्यावर खुर्च्या. "अण्णा, याला डेक म्हणतात. पायऱ्याच न्हाईत. दार उघडलं की आई डायरेक्ट बाहेर." मडिवाळप्पाने फोटो बघून त्याला मचाण म्हटलं. भुजंगरावांनी नकाशावर लिहिलं, 'लाकडी ओटा'. सिमेंटचा केला असता, पण त्याच जागेत जमिनीखाली पाण्याचा हौद होता, आणि लातूर जिल्ह्यात हौदाचं झाकण कायमचं बुजवणारा माणूस अजून जन्माला यायचाय. लाकडाचं असलं की दोन फळ्या उचलल्या, झाकण उघडलं.

नकाशा तीनदा झाला. भुजंगरावांनी घरातल्या फरशीपासून बाहेरच्या जमिनीपर्यंतची उंची मोजली: साडेतीस इंच. ओट्याची उंची तेवढीच, सूतभरही कमी-जास्त नाही. रात्रीची भाजी निवडता निवडता सिंधूबाईंनी एका हाताने नकाशा सरळ केला.

"दाराचं बघितलंत का?"

"दार तीन फूट. खुर्ची सव्वीस इंच. आरामात जातीय."

"तसं न्हाई म्हणलं मी..."

"सिंधू, लोकांची हजारो एकर मोजलीय मी. तू मेथी निवड."

त्यांनी मेथी निवडली.

काम पाच दिवस चाललं. लातूरच्या वखारीतून जुन्या सागवानाच्या तुळया आल्या. कुणाचं तरी घर पाडलेलं होतं, एका तुळईवर पाळण्याची कडी तशीच होती. मडिवाळप्पाने त्या चिरून फळ्या केल्या, खालून जळकं ऑइल लावलं, दोन फळ्यांत पावसाच्या पाण्याला रुपयाच्या नाण्याएवढी फट ठेवली. तिन्ही बाजूंनी कठडा उभा केला. लिंबाकडच्या कठड्याखाली मात्र मोकळी जागा राहिली, आणि तिथे खुर्चीची पुढची चाकं सुटतील म्हणून काहीतरी आडवं लाकूड लावायचं ठरलं. "ते शेवटाला बघू," मडिवाळप्पा म्हणाला. पाच दिवसांत तो आणि भुजंगराव त्या मागच्या दारातून शंभर वेळा आतबाहेर गेले असतील. चहा घेऊन, खिळे घेऊन, फळीचं एकेक टोक धरून.

सहाव्या दिवशी सकाळी केवळाबाई पलीकडे स्टुलावर चढून बघत होती. सिंधूबाईंनी अबोली रंगाचं लुगडं नेसून घेतलं होतं, मांडीवर कुंकवाचा करंडा. भुजंगरावांनी नारळ फोडला आणि खुर्ची ढकलली.

पुढची चाकं उंबऱ्यावर आदळली. सिंधूबाई पुढे झुकल्या, करंडा उडाला, भुजंगरावांनी खांदा धरला म्हणून पडता पडता वाचल्या.

अलीकडे फरशी, पलीकडे ओटा, दोन्ही अगदी एका पातळीत. आणि मधे पाच इंचांचा सागवानी उंबरठा. भुजंगरावांनी खिशातून वही काढली. नकाशात दार होतं, पण उंबरठा नव्हता. तीस वर्षं पाय आपोआप उचलला जात होता, त्यामुळे तो डोळ्यांना कधी दिसलाच नव्हता. त्यांना मेथीची जुडी आठवली. शरम वाटली. दुसऱ्याच्या शेतातलं वीतभर अतिक्रमण दुरून ओळखणारा माणूस स्वतःच्या दारात पाच इंच चुकला होता.

"फळी टाकून उतार करू," मडिवाळप्पा म्हणाला. करून बघितला. बाहेरच्या बाजूने जमला. आत स्वयंपाकघराचा ओटा आडवा येत होता, उतार फार उभा झाला. भुजंगरावांनी जोर लावला तर खुर्ची मागे कलली.

"ऱ्हाऊ द्या," सिंधूबाई म्हणाल्या. "ढकलून घ्यायचंच असतं तर केवळाबाईची पोरं काय वाईट होती?"

"मग उंबरा कापावा लागंल," भुजंगराव हळूच म्हणाले.

मडिवाळप्पाने हातातली करवत पिशवीत ठेवली. "साहेब, दुसरं काय बी सांगा. चौकट बसवताना आम्ही उंबऱ्याला हळद लावून बसवताव. त्याला करवत लावनार न्हाई मी." पिशवी खांद्याला अडकवून तो गेला.

खरं तर भुजंगरावांनाही सुटल्यासारखंच वाटलं. कारण ती चौकट साधी नव्हती.

ती त्यांच्या गावाकडच्या घराची होती. त्र्याण्णवच्या भूकंपात ते घर बसलं. भुजंगराव मोजणीसाठी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला मुक्कामाला होते. पहाटे दोन वर्षांची शिल्पा लघवीला उठली म्हणून सिंधूबाई तिला घेऊन दारापर्यंत आल्या, उंबऱ्यावरून एक पाय बाहेर टाकला, आणि जमीन हलली. भिंती पडल्या. चौकट उभी राहिली. चौकटीतल्या दोघी वाचल्या. आत भुजंगरावांची आई आणि धाकटा भाऊ होते, ते गेले. दुपारी भुजंगराव पोहोचले तेव्हा गल्लीत कुठलं घर कुणाचं हे कळत नव्हतं. त्या मोजणीवाल्या माणसाला स्वतःचं घर सापडलं ते दगडमातीच्या ढिगात उभ्या असलेल्या चौकटीवरून. पुढे औशात घर बांधलं तेव्हा ट्रॅक्टरने ती चौकट आणली आणि मागच्या दाराला बसवली. पुढच्या दाराला बसवली असती तर आल्यागेल्याने विचारलं असतं, आणि सांगावं लागलं असतं. मागे असली की सिंधूबाई रोज सकाळी उंबऱ्याला कुंकू लावत. एवढंच. त्या विषयावर त्या घरात कधी बोलणं झालं नाही.

ओटा तीन दिवस रिकामा पडून राहिला. एक मांजर येऊन झोपू लागली. केवळाबाईने विचारून मिरच्या वाळत घातल्या. भुजंगराव उगाच जाऊन पाणसळ लावून पातळी बघत. बुडबुडा बरोबर मधोमध असायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी ते आत आले तर सिंधूबाई दाराशीच बसल्या होत्या, चाकं उंबऱ्याला टेकवून.

"बसा जरा," त्या म्हणाल्या.

भुजंगराव फरशीवर बसले.

"त्या दिवशी आत्याबाईंनी, तुमच्या आईनं, हाक मारली होती मला. सिंधे, पोरीला माझ्याकडं दे, तू झोप म्हणल्या. मी म्हणलं, असू द्या, मीच नेते." त्यांनी उजवा पाय उंबऱ्यावर टेकवला. "दिली असती तर पोर गेली असती. हे मी कुणाला सांगितलं न्हाई."

तीस वर्षं ही बाई सकाळी वाकून त्या लाकडाला कुंकू लावत होती आणि आपण शेजारून पाय उचलून जात होतो, एवढंच भुजंगरावांच्या मनात आलं. ते उंबऱ्याकडे बघत राहिले.

"मला बाहेर काढायलाच त्यो तवा उभा ऱ्हायला," सिंधूबाई म्हणाल्या. "आता मला आत ठेवायचं त्याच्या मनात असंल का? तुमच्या मनात भ्या हाय. काढा त्याला."

"मडिवाळप्पा न्हाई म्हणतोय."

"मग तुम्ही काढा. तुमचं घर हाय."

दुसऱ्या दिवशी निरोप धाडल्यावर मडिवाळप्पा आला. सगळं ऐकून घेतलं. दोन्ही बाजूंना चौकटीच्या पायाशी पेन्सिलने रेघ मारून दिली, करवतीला मेण लावलं आणि ती साहेबांच्या हातात दिली. स्वतः बाजूला, टोपी काढून बसला.

भुजंगरावांनी जन्मात करवत धरली नव्हती. पहिल्या दहा मिनिटांत ती तीनदा अडकली. "जोर लावू नका, तिला जाऊ द्या," मडिवाळप्पा म्हणत होता. शंभर वर्षांचा साग. भुसा पडला तो लालसर आणि अजून वासाचा. मधे शिल्पाचा फोन आला, तो सिंधूबाईंनी घेतला. "अण्णा काम करायलेत, मग बोल," म्हणाल्या. एक बाजू संपायला पाऊण तास लागला. दुसऱ्या बाजूला भुजंगरावांच्या तळहाताला फोड आला आणि फुटला. मडिवाळप्पाने हात पुढे केला. त्यांनी मानेनेच नको म्हटलं.

उंबरा सुटला तेव्हा फारसा आवाज झाला नाही. दोघांनी उचलून तो ओट्यावर नेऊन ठेवला. त्याच्या मधोमध कुंकू इतकं खोल मुरलं होतं की लाकूडच त्या रंगाचं दिसत होतं.

"ह्येचं काय करायचं?" मडिवाळप्पाने विचारलं.

भुजंगरावांनी ओट्याकडे पाहिलं. लिंबाकडच्या कडेला, कठड्याखाली, चाक अडवायला लाकूड लावायचं राहिलंच होतं. त्यांनी टेप काढला, कडेपासून चार बोटं आत रेघ मारली आणि म्हणाले, "इथं."

चौतीस वर्षांत त्यांनी एकही खूण जागची हलवली नव्हती. त्या दिवशी एक हलवली, साडेदहा फूट पुढे.

मडिवाळप्पाने चार बोल्ट मारून उंबरा पक्का केला आणि दारातली खाच सिमेंटने भरली. दोन दिवस ते वाळू दिलं. मग सिंधूबाई निघाल्या. भुजंगराव मागून खुर्ची धरून उभे होते.

"हात काढा," त्या म्हणाल्या.

त्यांनी हात काढला. उजव्या हाताने चाक, उजव्या पायाने फरशी. खुर्ची थोडी वाकडी झाली, थांबली, सरळ झाली. दारातून फळ्यांवर गेली आणि फळ्यांचा खडखड आवाज होत होत थेट कडेपर्यंत पोहोचली. चाकं उंबऱ्याला टेकली. भिंतीपलीकडून केवळाबाई म्हणाली, "आलीस का?" जणू कालचीच गोष्ट अर्धी राहिली होती.

सिंधूबाईंनी करंडा काढला. पण खाली वाकणं जमेना. त्यांनी तो नवऱ्यापुढे धरला. भुजंगराव ओणवे झाले आणि बोट कुंकवात बुडवून थांबले. "कुठं लावू?"

"मधी."

त्यांचा दुसरा हात सवयीने खिशातल्या टेपकडे गेला. सिंधूबाई हसल्या, लकव्यानंतर पहिल्यांदाच, तोंडाच्या एका बाजूने. "दिसतंय की मधी कुठं हाय ते. लावा."

त्यांनी लावलं.

आता रोज दुपारी सिंधूबाई बाहेर असतात. चारच्या सुमाराला भुजंगराव दोन कप चहा घेऊन मागच्या दाराशी येतात. तिथे आता काही नाही. फरशी आणि फळ्यांच्या मधे सिमेंटचा एक करडा पट्टा आहे, तेवढाच. तरी त्या जागी त्यांचा पाय पाच इंच वर उचलला जातो, आणि कपातला थोडा चहा बशीत सांडतो. सिंधूबाईंची खुर्ची मात्र सरळ जाते.