नखभर काठ

तमांदाच्या वाट्याला पाठ आला तो 'तरंगणे आणि बुडणे' या विषयाचा, आणि सरोवराकाठच्या त्या गावात बुडण्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नसे. दोन वर्षांपूर्वी तिच्या मामाची होडी उलटून सात माणसं गेली होती. त्यांत तिचा धाकटा भाऊ मायामिकोही होता.

अध्यापक विद्यालयाने तिला याच गावात तिसरीच्या वर्गावर सरावाला पाठवलं होतं. पाठ तपासायच्या झिदाना बाई. मागच्या खेपेस तमांदाने पाण्यात दगड टाकला, तो बुडाला, आणि बाईंनी मागच्या बाकावरून मुद्दाम विचारलं, "दगड तरंगला ना रे?"

"हो, मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

दगड तळाशी सगळ्यांना दिसत होता. पण मोठ्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे तिथल्या पोरांना बाळकडूतच मिळतं. त्यापुढे विज्ञानाची काय मातब्बरी? बाईंनी वहीत 'नापास' लिहिलं. आणखी एकदा नापास झाली की तमांदाचं शिक्षिका होणं संपलं.

"अगं, तू उत्तर तोंडात धरून उभी राहतेस," बाई म्हणाल्या. "मुलं तुझ्या तोंडाकडे बघतात, पाण्याकडे नाही. प्रश्न विचार आणि गप्प बस."

"गप्प बसणं मला चांगलं जमतं, मॅडम," तमांदा म्हणाली. त्यातला कडवटपणा बाईंना कळायचं कारण नव्हतं.

आज तिने प्लास्टिकच्या टबात पाणी भरलं होतं. त्यात मासळीचा रिकामा डबा तरंगत होता, आणि शेजारी किनाऱ्यावरून वेचलेल्या खड्यांचा ढीग. झिदाना बाई आल्या. त्यांच्या मानासाठी शाळा समितीचे अध्यक्षही आले, आणि ते म्हणजे तमांदाचे मामा काम्वेंदो. त्या गावात बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. ते खुर्चीवर ऐसपैस बसले.

एकेक मूल उठून डब्यात खडा ठेवू लागलं. सात, आठ, नऊ. डब्याचा काठ पाण्याबाहेर नखभर उरला.

"आणखी एक बसेल का?" तमांदाने विचारलं आणि ती गप्प राहिली.

मुलं पाण्याकडे बघायला लागली होती, तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला. "बसेल की! आणखी एक बसेल."

"बसेल!" वर्ग ओरडला. पहिल्या बाकावरच्या आलिनाफेचेही ओठ हलले. तिचा बाप त्याच होडीत होता.

होडी उलटली त्या बाजाराच्या दिवशी मामा हेच म्हणाले होते, याच आवाजात. मक्याची पोती चढली होती, माणसं चढली होती, आणि तमांदा गुडघाभर पाण्यात दोर धरून उभी होती. पाणी काठाला टेकायला आलेलं तिने पाहिलं होतं. आणि ती म्हणाली होती, "हो, मामा."

"नाही, मामा," तिच्या तोंडून निघून गेलं. "बुडेल."

चारचौघांत मामाला 'नाही' म्हणणारी भाची त्या पोरांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मामा उठले, पुढे आले, आणि दहावा खडा त्यांनी स्वतःच्या हाताने ठेवला. डबा कलला, घटकन पाणी प्याला आणि तळाला गेला.

मामा पाण्याकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "त्या दिवशी तुला दिसलं होतं?"

खोटं बोलावंसं तिला फार वाटलं. "दिसलं होतं."

"मग तोंड का शिवलं होतंस?"

"तुम्ही 'बसेल' म्हणालात, मामा. मी 'हो' म्हणाले. आपल्यात तसंच म्हणतात ना?" आणि मुलांसमोरच तिला रडू फुटलं.

टेबलावरचा खडू उचलून मामा बाहेर पडले.

"मुलांना घेऊन जा त्यांच्यामागे," झिदाना बाई म्हणाल्या. "पाठ संपलेला नाही."

वाळूवर मामांची नवी होडी ओढून ठेवली होती. काठाच्या हातभर खाली मामांनी खडूने रेघ ओढली. रेघ वाकडी आली.

"पाणी इथवर आलं की पुढे एकही माणूस चढवायचा नाही. कळलं?"

"हो, आजोबा!" सगळी पोरं एका सुरात म्हणाली.

पुन्हा तेच 'हो' ऐकून तमांदाचं मन खट्टू झालं. समजावून सांगायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं. "नीट बघा," ती एवढंच म्हणाली. "काय दिसतंय?"

लाटा येत होत्या, जात होत्या. तमांदा गप्प उभी राहिली, आणि गप्प राहणं इतकं जड तिला कधी गेलं नव्हतं.

"खडू आहे तो," आलिनाफे म्हणाली. "पाण्यात पुसला जाईल."

मामांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही.

"मग काय लावू, पोरी?"

"डांबर."

झिदाना बाईंनी वही उघडली, 'पास' लिहिलं आणि शेजारी आलिनाफेचं नाव लिहून घेतलं. मामांनी खडू वाळूत टाकला, आणि डांबराचा डबा आणायला ते स्वतः गेले.