तीन उड्या

नव्वदच्या दशकातल्या मारधाडीच्या चित्रपटांत गाडी दगडाला नुसती टेकली तरी पेट घ्यायची. नायकाच्या पिस्तुलातल्या गोळ्या काही केल्या संपायच्या नाहीत, आणि खलनायकाची माणसं इतकी शिस्तीची, की आपली पाळी येईपर्यंत थांबून एकेक करून मार खायची. असल्याच एका चित्रपटात नायिकेच्या जागी उड्या मारणारी एक बाई होती. युनिटमधले तिला उडीबाई म्हणायचे. आता तिचे गुडघे गेले होते आणि जिना चढताना ती कठड्याला धरून मधेच थांबायची. तिची लेक मोठी होऊन चित्रपटांची संकलक झाली, आणि नेमका तोच चित्रपट कापायला लेकीच्या टेबलावर येऊन पडला.

काम आणलं होतं मूळ निर्मात्याच्या मुलानं. त्याला सगळे धाकटे साहेब म्हणत. वडिलांचा चित्रपट त्याला पुन्हा थिएटरात लावायचा होता, पण तीन तासांचा दोन तासांवर आणून. "आज जे चालणार नाही ते सगळं उडवा," एवढंच त्यानं सांगितलं. लेकीला तेवढंच पुरेसं होतं. या चित्रपटांबद्दल तिचं मत एका शब्दाचं होतं: भंगार. तिनं मन लावून कात्री चालवली, आणि काम झाल्यावर सगळ्यात आधी आईला दाखवायला बोलावलं. आई खूश होईल असं तिला खरंच वाटत होतं.

संकलनाची खोली म्हणजे दोन पडदे, अक्षरं पुसलेला एक कीबोर्ड आणि एसीची घरघर. आई खुर्चीत पाय लांब करून बसली आणि पहिल्या दहा मिनिटांतच हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, ती गाडी बघ! माणूस उतरायच्या आधीच पेटली होती. आम्ही सगळे पळत सुटलो, आणि मोठे साहेब ओरडतायत, चालेल, चालेल, कॅमेरा थांबवू नका!"

लेकही हसली. मग तो प्रसंग आला. नायिका तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून उडी मारते, म्हणजे अर्थातच उडीबाई मारते. उडी झाली आणि चित्रपट पुढे सरकला. आईचं हसू मात्र तिथेच थांबलं.

"बाकीच्या दोन कुठे गेल्या?"

"कुठल्या दोन?"

"उड्या."

"आई, एकच तर होती. तीच तीन बाजूंनी दाखवलेली. तेव्हा सगळेच तसं करायचे. आता लोकांना एकदा दाखवलं की पुरतं."

"तीन बाजूंनी एकदम घ्यायला कॅमेरे तीन लागतात," आई म्हणाली. "आमच्याकडे एकच होता. समोरून घेतलं. मग कॅमेरा बाजूला नेला, मी परत वर गेले. मग कॅमेरा खाली नेला, मी परत वर गेले."

लेकीला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका हुडकून काढणारी ही बाई, आणि आपल्याच आईच्या दोन उड्या तिनं पुनरुक्ती म्हणून फेकून दिल्या होत्या.

"ठेवच असं म्हणत नाही मी," आई चप्पल पायात सरकवत म्हणाली. "तुझं काम तुला कळतं. पण मी एकदाच उडी मारली असं दिसायला नको गं, एवढंच."

आई गेल्यावर लेकीनं तिन्ही उड्या एकापाठोपाठ एक लावल्या. पहिल्या उडीत आईचे दोन्ही हात पसरलेले होते. दुसऱ्या उडीआधीच पँट गुडघ्यावर फाटलेली होती. तिसरी उडी खालून घेतलेली, आणि त्यात तिनं डावा हात छातीशी घट्ट धरला होता. खाली पुठ्ठ्याची खोकी आणि त्यांवर गाद्या, बाकी काही नाही. लेकीनं ती तिसरी उडी पुन्हा पुन्हा पाहिली. आजच्या चित्रपटात माणूस ढगातून पडतो आणि प्रत्यक्षात हिरव्या पडद्यासमोर दोरीला लटकत असतो, हे ती रोज बघत होती. या चित्रपटात गोळ्या खोट्या, रक्त खोटं, रडणं तर सगळ्यात खोटं. पण त्या सगळ्यामध्ये कोणीतरी खरोखर खाली पडत होतं, आणि ते कोणीतरी तिची आई होती. आजवर तिनं इतक्या लोकांशी या चित्रपटांवरून वाद घातला होता, पण हे कधी तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं धाकट्या साहेबांना सांगितलं की उड्या तिन्ही राहतील.

"लोक हसतील," ते म्हणाले.

"हसू देत."

"अहो, तुमच्याच आईला हसतील. तुमच्यासाठी बोलतोय मी. पुन्हा विचार करा."

माणूस वाईट नव्हता, म्हणूनच ते वाक्य लेकीच्या मनात घर करून बसलं. पण तिनं हेका सोडला नाही.

रविवारी दुपारचा खेळ होता. हॉल अर्धा भरला होता, आणि आलेली बहुतेक मुलं हा चित्रपट लागला तेव्हा जन्मलीही नव्हती. ती मुळात हसायलाच आली होती. गाडी पेटली, हॉल लोळला. आईही त्यांच्याबरोबर हसत होती. लेक मात्र खुर्चीचा हात घट्ट धरून बसली होती.

पहिल्या उडीला शिट्टी आली. दुसरीला हशा पिकला. तिसरीला तर कोणीतरी ओरडलं, "अरे, हिला खाली ठेवा कोणीतरी!" आणि सगळा हॉल खदखदला. लेकीचे कान तापले. आपण आपल्या हातांनी आईला यांच्यासमोर नेऊन उभं केलं, असं तिला वाटलं. धाकट्या साहेबांचं ऐकायला हवं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण इथं जळलं आईचं होतं आणि काडी लावली लेकीनं. आईकडे बघायचाही तिला धीर होईना.

पुढच्या रांगेतली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "थांब, ती एकच उडी नव्हती. शेवटच्या वेळी हात बघितलास का? आणि ही हिरॉइन नाहीच मुळी. ही दुसरीच कोणीतरी बाई आहे."

आई पुढे वाकली. लेक तिला थांबवणार, तोवर आईनं त्या मुलीच्या खांद्यावर बोटानं टिचकी मारली होती.

"ती मी."

मुलगी वळली. पिकलेले केस, चष्मा, मांडीवर ठेवलेली पिशवी. तिचा आधी विश्वास बसला नाही, मग हळूहळू बसला.

"लागलं नाही तुम्हाला?" तिनं विचारलं.

मारधाडीच्या धंद्यात या प्रश्नाला एकच उत्तर असतं, नाही. हो म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कोणी बोलावत नाही. आई जन्मभर सगळ्यांना तेच उत्तर देत आली होती, गुडघ्यांच्या डॉक्टरलासुद्धा. आणि लेकीनं? तिनं तो छातीशी धरलेला हात खोलीत बसून दहादा पाहिला होता, त्या हातासाठी धाकट्या साहेबांशी भांडली होती, पण फोन उचलून एवढं विचारावं, हे काही तिला सुचलं नव्हतं.

"लागलं ना गं," आई म्हणाली. "दुसऱ्या उडीतच मनगट मोडलं होतं. खूप लागलं."

पडद्यावर नायक एका हातानं मोटरसायकल उचलत होता आणि हॉल हसत होता. लेकीला रडू आवरेना. आईचं तिकडे लक्षच नव्हतं. पडद्याच्या उजेडात डावा हात पुढे करून, मनगट नेमकं कुठे मोडलं ते ती त्या मुलीला बोट लावून दाखवत होती.