घरच्यांची हरकत

“ठेवा, ठेवा तो फोन!” गालांवर साबणाचा फेस असतानाच हवालदार हिराओका खुर्चीतून ओरडले आणि बाबांनी फोन आदळला.

मी जिना उतरून दुकानात आले. “कुणाचा होता?”

“भामट्याचा,” बाबा वस्तरा पुसत म्हणाले. “म्हणे, तुमची कोतोमी आमच्याकडे येणार, घरच्यांची काही हरकत?”

“अहो बाबा, ती कंपनी होती! काल जेवताना सांगितलं नव्हतं का मी?”

हिराओकांनी फेसासकट मान खाली घातली. बेटावरच्या म्हाताऱ्यांना फोनवरच्या ठगांपासून वाचवायचं काम त्यांच्याकडे. कुणी मुलाबाळांचं नाव घेऊन बोलू लागला की फोन ठेवायचा, हे त्यांनीच घरोघर पढवलं होतं.

ही कंपनी ओसाकाची, दवाखान्यांसाठी खाटा बनवणारी. वर्षभर मी आधी बोट, मग बस अशी धडपड करत मुलाखती देत हिंडत होते. सगळ्या मुलींसारखाच काळा कोट, दारावर तीनदा टकटक, ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही. कुठे लेखी परीक्षेत आपटायचे, कुठे गटचर्चेत. तिथे मी मेली सभ्यपणाने इतरांना बोलू द्यायचे आणि तेच पुढे जायचे. नकार आला की बाबा काही विचारत नसत. मला खुर्चीत बसवून कपाळावरचे केस कातरत आणि म्हणत, “तोंड तरी दिसू दे त्यांना.”

इथे मात्र मी शेवटच्या फेरीपर्यंत टिकले. संचालक हसून म्हणाले, “आता तेवढं तुमच्या घरी विचारतो.” हल्ली कंपन्या विचारतातच. पोरं हो म्हणतात, घरच्यांनी नाक मुरडलं की माघार घेतात.

“मी बोलू का त्यांच्याशी? पोलीस चौकीतून?” हिराओका चाचरत म्हणाले.

“नको! मग तर संपलंच!”

दाढी उरकून ते निघाले. जाताना माझी दोनदा माफी मागितली, जणू बेडीच घातली होती मला.

बाबा केर काढू लागले. केर नव्हताच फारसा.

“तो भामटा नव्हता, पोरी,” ते खाली बघतच म्हणाले. “कळलं होतं मला. हिराओका ओरडला, आणि बरं वाटलं बघ.”

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण आई गेल्यापासून या घरात आम्ही दोघंच, आणि नोकरी लागली की मी कंपनीच्या वसतिगृहात. मी त्यांच्या हातातला झाडू घेतला.

“नको जाऊ का?”

“खुळी आहेस का?”

त्यांनी अ‍ॅप्रन काढला, हात धुतले, आरशात बघून केस नीट केले आणि कंपनीला फोन लावला. लग्नात उभे राहतात तसे ताठ उभे होते.

“कोतोमीचा बाप बोलतोय. मघाशी चूक झाली, माफ करा... हरकत?”

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

“नाही. काही हरकत नाही. गप्प बसली तर हिला काही येत नाही, असं समजू नका. सांभाळा तिला.”

बोलता बोलता ते समोर कुणी असल्यासारखे आदराने कमरेत वाकले. पलीकडून फोन ठेवल्याचं मलासुद्धा ऐकू आलं, तरी बाबा तसेच वाकून उभे होते.