बाईंचा बिनभूमिकेचा फोटो

कलावंतांना बोलतं करायचं, त्यांचे फोटो काढायचे आणि त्या सगळ्यांचं एक जाडजूड पुस्तक करायचं, असं तिने मनावर घेतलं होतं. आणि एकदा मनावर घेतलं की ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे. तिचा एक हट्ट होता. मुलाखत हवी तेवढी लांबू दे, पण फोटो छापायचा एकच, आणि तोही अंगावरची कला उतरलेली असतानाचा. म्हणून तिच्याकडे जादूगाराचा फोटो होता तो स्वतःचा चष्मा शोधतानाचा (चष्मा कपाळावरच होता), आणि विदूषकाचा होता तो दाढ ठणकतेय म्हणून गाल धरून बसलेला. शेवटची जागा तिने बाईंसाठी राखली होती, आणि बाईंनी तिच्या नाकी नऊ आणले होते.

बाई म्हणजे नाटकातल्या बाई. उभा जन्म रंगमंचावर गेला. त्या नुसत्या कुजबुजल्या तरी शेवटच्या रांगेतला माणूस पुढे सरसावून बसायचा, असा तो आवाज. आता त्याच गळ्यात गाठ निघाली होती. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं. जिवाला धोका नाही, पण आवाजाची खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

"तेव्हा काय विचारायचं ते आत्ता विचार," बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. "एकदा आवाज गेला की माझं काय उरतं गं?"

हे त्या इतक्या सुरेख म्हणाल्या, की खरंच घाबरल्यात की घाबरण्याचा अभिनय करताहेत, हे तिला कळेना. तिथूनच सगळं अडलं. तिने कॅमेरा उचलला की बाईंची मान आपसूक दिव्याकडे वळायची. "सहज बसा ना," म्हटलं की बाई सहज बसायच्या, आणि ते सहज बसणंसुद्धा असं बेतलेलं, की टाळ्या पडाव्यात.

बाईंची धाकटी बहीण त्यांच्याबरोबरच राहायची. आयुष्यभर बाईंचे कपडे तिनेच सांभाळले, आणि बाईंना बोलायची हिंमतही तिच्याच एकटीत होती. तिने या पाहुणीचं नाव फोटोवाली ठेवून टाकलं होतं. दार उघडतानाच म्हणायची, "ये, फोटोवाली. आज कोण हवंय? राणी, विधवा की वेडी?"

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी फोटोवालीने शेवटचा प्रयत्न करायचा ठरवला. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर चढवून खिडकीपाशी ठेवला, टोकाला बटण असलेली त्याची लांब वायर हातात घेतली, आणि समोर बसून सरळ विचारलं, "बाई, आयुष्यातला सगळ्यात वाईट दिवस कोणता?"

बाईंनी पदर सारखा केला. मग हळूहळू सांगू लागल्या. आई गेली तो दिवस. अर्धवट लोटलेलं दार, उशाशी तसंच राहिलेलं पाणी, आईने हातात घेतलेला हात आणि मग सोडलेला हात. फोटोवालीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नाक पुसत ती बटण दाबत राहिली. मिळाला, एकदाचा मिळाला, असं तिला झालं.

एवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला. "ताई, तिसरा अंक संपला असेल तर चहा गाळते!"

फोटोवालीचा चेहरा खर्रकन उतरला. धाकटी चहा घेऊन बाहेर आली आणि तिचे ओले गाल बघून जरा ओशाळली. "अगं, नाटकातलं आहे ते. मला सगळं पाठ आहे. विंगेत उभी राहून मीही दरवेळी रडायचे."

"बाई, तुम्ही मला फसवलंत," फोटोवाली म्हणाली. ती चांगलीच चिडली होती.

"फसवलं नाही गं," बाई म्हणाल्या. पहिल्यांदाच त्यांचं वाक्य कुठेही न चढता खाली बसलं. "आई गेली तेव्हा मी दौऱ्यावर होते. तार मिळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. ही होती तिच्यापाशी, पण हिने कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नाटकातली आई मात्र रोज माझ्या हातात गेली. मला आई आठवायची म्हटलं की तीच आठवते. दुसरी आठवण आणू कुठून?"

चहा निवत होता. मग बाईंनी विचारलं, "तुझी आई आहे?"

"गेली. दोन वर्षं झाली."

"तू होतीस जवळ?"

"होते."

"मग सांग की. खरं कसं असतं?"

फोटोवाली गडबडली. तिला प्रश्न विचारायची सवय, उत्तरं द्यायची नव्हे. पण बाई समोर बसल्या होत्या, आणि ती सांगू लागली. की आई काही मोठं बोलली नाही. गॅस बंद केलास का, एवढंच विचारलं. रोज झोपताना विचारायची तसंच. ती हो म्हणाली, खरं तर दवाखान्यात कसला गॅस, पण ती हो म्हणाली. मग आई म्हणाली, बरं, आणि कुशीवर वळली.

हे तिने आजवर कुणालाही, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. बोलता बोलता तिला जाणवलं, की आपण फार छान सांगतोय. शब्द आपोआप येताहेत. आणि तेव्हा तिला पुस्तकासाठीच भेटलेला एक म्हातारा नट आठवला. तो म्हणाला होता, बाईंसमोर उभं राहिलं की दगडालाही अभिनय येतो. का, असं विचारल्यावर नुसता हसला होता. फोटोवालीने मान वर केली. बाईंची मान दिव्याकडे नव्हती. तोंड किंचित उघडं, पदर खांद्यावरून घसरलेला, चहाचा कप हातात तसाच तिरका. त्या फक्त ऐकत होत्या. तिच्या अंगठ्याने बटण दाबलं.

ऑपरेशन पार पडलं, सगळ्यांचा जीव भांड्यात पडला, आणि आवाज गेला. महिनाभराने फोटोवाली तो फोटो घेऊन गेली. बाई पाटी-पेन्सिल घेऊन आरामखुर्चीत बसलेल्या, एकदम लहान दिसत होत्या. धाकटीने दारातच सांगितलं, "कुणाला भेटत नाही. आता माझ्याकडे काय आहे, असं लिहून दाखवते. मी तरी काय सांगू?"

फोटोवालीने फोटो बाईंच्या मांडीवर ठेवला. बाईंनी तो जवळ धरला, लांब धरला. मग पाटीवर लिहिलं, "कुठल्या नाटकातला?"

"कुठल्याच नाही, ताई," धाकटी मागून वाकून म्हणाली. "ही तू आहेस. विंगेतून मी तुझ्याकडे बघायचे ना, ती हीच. बोलणारी लोकांना दिसायची. मला ही ऐकणारी दिसायची."

बाई फोटोकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पाटी पुसली, पेन्सिलीसकट बाजूला ठेवली, आणि समोरच्या खुर्चीवर दोनदा थाप मारली. फोटोवाली बसायला पुढे झाली, तशी बाईंनी तिला हाताने थांबवलं आणि धाकटीकडे बोट दाखवलं.

धाकटी खुर्चीत टेकली. "मी काय सांगू आता?" ती म्हणाली.

बाईंनी भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे बोट केलं, आणि ऐकायला पुढे सरसावून बसल्या.